पहिला कॅमेरा घेताना



आपल्या मराठी वर्गात जी मुले बाराखडी गिरवायला आली होती, त्यांतली काही आता दहावी-अकरावीत पोचली आहेत. काहींनी शाळेत कला हा विषय घेतला आहे आणि त्यात छायाचित्रण निवडले आहे. केंब्रिज मंडळाच्या ‘आर्ट अँड डिझाइन’ विषयात तशी सोय आहे. आमच्या घरीही हा विषय आला आणि त्याच्या मागोमाग प्रश्न आला : कॅमेरा कोणता घ्यायचा? रीम आयलंडवरच्या आणखी दोन-तीन घरांतून हाच प्रश्न कानावर आला. म्हणून आम्ही जे वाचले, दुकानांत फिरून पाहिले आणि वापरून शिकलो, ते इथे लिहीत आहोत.

अशा वेळी घरात दोन सूर लागतात. एक म्हणतो, ‘फोनमध्ये कॅमेरा आहे की, वेगळा कशाला?’ दुसरा म्हणतो, ‘घ्यायचाच तर सगळ्यात भारी घेऊ, पुन्हा मागायला नको.’ पहिल्या सुरात मुलाच्या आवडीवर अविश्वास आहे आणि दुसऱ्यात पैसे देऊन मोकळे होण्याची घाई. आपली बहुतेक घरे इंजिनिअरिंग, हिशेब नाहीतर बँकेच्या नोकरीवर इथे आलेली. अशा घरात मूल छायाचित्रणाचे नाव काढते, तेव्हा त्या मागणीत ‘माझे हे मनावर घ्या’ हेही असते. म्हणून खरेदी जरा विचाराने केलेली बरी.

आमचे मत थोडक्यात असे. कॅमेरा असा घ्यावा की प्रत्येक फोटोचा निर्णय मुलाला स्वतः घ्यावा लागेल. आणि पैसे असे वाटावेत की तो कॅमेरा कपाटात न राहता सारखा बाहेर पडेल.

फाळक्यांची खरेदी

मुलांनो, त्र्यंबकेश्वरला १८७० साली जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. छायाचित्रकार म्हणून त्यांनी गोध्र्याला स्टुडिओही चालवला. पुढे सिनेमा काढायचे मनात आले, तेव्हा विम्याच्या पॉलिसींवर कर्ज काढून ते १९१२ साली लंडनला गेले. तिथे गेल्या गेल्या त्यांनी कॅमेरा घेतला नाही. आधी सिनेमाच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांना गाठले, त्यांच्या ओळखीने हेपवर्थ यांचा स्टुडिओ आतून पाहिला, आणि त्या जाणकारांच्या सल्ल्याने ५० पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. त्याबरोबर फिल्मच्या कडेला भोके पाडायचे यंत्रही घेतले, कारण कोरी फिल्म भोकांशिवाय यायची आणि त्याशिवाय ती कॅमेऱ्यात सरकणारच नव्हती.

परत आल्यावरही त्यांनी एकदम मोठा चित्रपट हाती घेतला नाही. कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि रोप वाढत असताना टप्प्याटप्प्याने त्याचे चित्रण केले. ‘अंकुराची वाढ’ हा तो छोटासा चित्रपट. तो पाहून पैसे लावणारे पुढे आले. घरात सरस्वतीबाई फिल्मला भोके पाडायला आणि ती धुवायला शिकल्या. मग ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

या हकिकतीत खरेदीचा सारा क्रम आहे. आधी विचारपूस, मग कामाला लागेल तेवढेच यंत्र आणि त्याचे आवश्यक साहित्य, मग घरातल्या साध्या गोष्टीवर सराव. आणि बरोबर घरच्यांचा हात. आता हाच क्रम आपण लावून पाहू.

आधी गरजांची यादी

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात प्रोग्रॅम लिहिण्याआधी गरजा लिहून काढतात. इथेही तसेच करावे. वर्षभरात कोणते फोटो काढायचे आहेत, ते मुलाने एका कागदावर लिहावे आणि कलाशिक्षकांना दाखवावे. माणसांचे चेहरे, इमारती, रात्रीचे दिवे, घरातल्या वस्तू, पक्षी, असे काहीही. अल वथबाच्या पाणथळीतले रोहित पक्षी टिपायचे असतील तर लांब पल्ल्याची लेन्स लागते, आणि ती महाग व जड असते. यादीत पक्षी नसतील तर तो खर्च वाचला. अभ्यासक्रमासाठी कोणते साहित्य लागेल, हेही शिक्षकांना लेखी विचारावे. ते सांगतील त्यापुढे दुकानदाराचा सल्ला दुय्यम.

फोन का पुरत नाही

फोनचे फोटो सुंदर येतात, यात शंका नाही. पण त्यातले बरेचसे निर्णय सॉफ्टवेअर घेते, म्हणजे आमच्याच धंद्यातले कुणीतरी! फोन एका क्लिकला अनेक चित्रे घेतो, ती जोडतो, सावली उजळतो, ऊन मंद करतो.

सादियातवरचे लूव्र संग्रहालय २०१७ साली उघडले. त्याचा घुमट १८० मीटर व्यासाचा आहे. त्याच्या जाळीत ७,८५० तारे आहेत आणि त्यांतून खाली उन्हाचे कवडसे पडतात. तिथे फोनने फोटो काढला तर कवडसा आणि सावली दोन्ही बरीचशी सारखी दिसू लागतात. विद्यार्थ्याला मात्र ठरवता आले पाहिजे : कवडसा ठेवायचा की सावलीतला माणूस? त्यासाठी तीन गोष्टी हातात लागतात. लेन्सचे छिद्र किती उघडे ठेवायचे, शटर किती वेळ उघडायचे, आणि सेन्सरची संवेदनशीलता, म्हणजे आयएसओ, किती ठेवायची. या तीन गोष्टी स्वतः बदलता येतात तो आपल्या कामाचा कॅमेरा.

बॉडी कशी पाहावी

लेन्स काढून ठेवली की जो डबा उरतो त्याला बॉडी म्हणतात. जुन्या डीएसएलआरमध्ये आत आरसा असतो. मिररलेसमध्ये तो नसतो, म्हणून तो लहान व हलका होतो. कॅनन आणि निकॉन यांचे नवे काम आता मिररलेसवरच चालते. शिकायला दोन्ही चालतील.

सेन्सर दोन मापांचे नेहमी दिसतात. फुल फ्रेम ३६ बाय २४ मिलिमीटर आणि एपीएस-सी सुमारे २३ बाय १५ मिलिमीटर. मोठा सेन्सर कमी उजेडात सरस, पण त्याची बॉडी आणि लेन्स दोन्ही महाग. पहिल्या कॅमेऱ्याला एपीएस-सी पुरेसा आहे. मेगापिक्सेलच्या आकड्याला भुलू नये. २४ मेगापिक्सेलचे चित्र साधारण ६,००० बाय ४,००० ठिपक्यांचे असते. इंचाला ३०० ठिपके धरले तर २० बाय १३ इंचांची छपाई उत्तम होते. शाळेच्या प्रदर्शनाला याहून मोठे क्वचितच लागते.

आपल्या इथे एक गोष्ट मात्र नक्की पाहावी : डोळ्याला लावून पाहायची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर. अबू धाबीच्या दुपारच्या उन्हात मागच्या पडद्यावर काही दिसत नाही. निकॉन झेड ३०, सोनी झेडव्ही-ई १० आणि फुजीफिल्म एक्स-एम ५ हे कॅमेरे लहान आणि चांगले आहेत, पण त्यांना व्ह्यूफाइंडर नाही. कॅनन आर ५० व आर १०, निकॉन झेड ५० टू, सोनी ए ६४०० यांना तो आहे. यांपैकी आर १० आणि झेड ५० टू यांना छिद्र आणि शटर बदलायला दोन वेगवेगळ्या डायल आहेत. डोळा न हलवता दोन बोटांनी दोन्ही बदलता येतात, म्हणून शिकणाऱ्याला ते सोयीचे.

शेवटी कॅमेरा मुलाच्या हातात द्यावा, बाबांच्या नव्हे. बोटे कळांपर्यंत पोचतात का, वजन झेपते का, ते त्यालाच कळेल.

लेन्स : इथे कंजुषी नको

बॉडी पाच-सहा वर्षांत जुनी होते, चांगली लेन्स त्याहून खूप टिकते. कॅमेऱ्याबरोबर मिळणारी झूम, म्हणजे किट लेन्स, सुरुवातीला ठेवावी. तिच्या जोडीला एफ १.८ ची एक न झूम होणारी लेन्स घ्यावी. एपीएस-सीवर ३५ मिलिमीटरची घेतली तर डोळ्यांना दिसते त्याच्या जवळपासचे दृश्य मिळते, ५० मिलिमीटरची चेहऱ्यांसाठी छान.

हिची गरज का, ते गणिताने पाहू. किट लेन्स पूर्ण झूम केली की तिचे छिद्र एफ ५.६ किंवा त्याहून लहान होते. ५.६ ला १.८ ने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. सुमारे १० येतात. म्हणजे एफ १.८ मधून दहापट प्रकाश आत येतो. गणेशोत्सवात हॉलमध्ये लेझीम चालले असताना किट लेन्सला एक दशांश सेकंद लागत असेल, तर हिला एक शतांश सेकंद पुरेल. पहिल्या फोटोत नुसते पुसट हात दिसतील, दुसऱ्यात लेझीम दिसेल.

याच हॉलमधली आणखी एक खूण. इथली आणि भारतातली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर फार वेगवान ठेवले तर फोटोत आडवे पट्टे येतात. शटर १/१०० किंवा १/५० वर आणले की ते बहुधा जातात.

झूम न होणाऱ्या लेन्सचा दुसरा फायदा असा की मुलाला पुढे-मागे चालावे लागते. कुठे उभे राहायचे, हे त्यातूनच कळत जाते.

सोळा आण्यांचा हिशेब

मुलांनो, पूर्वी रुपयाचे सोळा आणे असत. आपल्या एकूण रकमेचेही सोळा आणे करा. आमची वाटणी अशी :

किट लेन्ससह बॉडी – ७ आणे
दुसरी लेन्स – ३ आणे
ट्रायपॉड – २ आणे
कार्ड, जादा बॅटरी, पिशवी, सफाईचे साहित्य – २ आणे
फिरणे, प्रवेशशुल्क आणि छपाई – २ आणे

समजा ६,४०० दिरहॅम ठरवले, तर एक आणा ४०० चा झाला आणि बॉडीला २,८०० आले. ३,२०० च ठरवले तर सगळे निम्मे होईल आणि बॉडी वापरलेली घ्यावी लागेल. त्यात कमीपणा काही नाही. पण शेवटचे दोन आणे कापू नयेत. सोळा आणे बॉडीतच घातले तर ती घेऊन जायला टॅक्सीचे पैसे उरत नाहीत आणि फोटो कागदावर कधीच उतरत नाहीत.

ट्रायपॉड आणि बाकीचे

ट्रायपॉड अगदी हलका घेऊ नये. खाडीवरच्या वाऱ्याने तो थरथरतो. सूर्य मावळल्यावर आकाश निळे असते तेव्हा रीमच्या कालव्याकाठी ट्रायपॉड लावून आयएसओ १००, एफ ८ आणि ८ सेकंद असे करून पाहा. फोटो उजळ किंवा काळा आला तर फक्त सेकंद बदला. कळ दाबताना कॅमेरा हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा.

मिररलेसची बॅटरी एका भरण्यात साधारण २०० ते ४०० फोटो देते, म्हणून एक जादा हवी. मेमरी कार्ड ६४ जीबीची दोन घ्यावीत. एक मोठे घेण्यापेक्षा दोन बरी. एक बिघडले तर सारा दिवस बुडत नाही. कच्च्या स्वरूपातले, म्हणजे रॉ, चित्र ३० एमबीच्या आसपास असते. ६४ जीबीत अशी दोन हजार मावतात. घरी आल्यावर फोटो दोन वेगळ्या डिस्कवर उतरवावेत आणि मगच कार्ड पुसावे. रॉ चित्रांवर काम करायला डार्कटेबल आणि रॉथेरपी ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात. पहिल्या वर्षी विकतचे नको.

फ्लॅश, फिल्टर, लांब लेन्स हे सगळे पहिल्या वर्षानंतर. तोवर चेहऱ्यावर उजेड टाकायला थर्मोकोलचा एक पांढरा तक्ता पुरतो. दुकानात कॅमेऱ्याबरोबर दहा वस्तूंचा संच स्वस्तात देऊ करतात. त्यातली कोणती वस्तू आपल्या यादीत आहे, तेवढे पाहावे.

इथली हवा आणि तिकडचा पाऊस

उन्हाळ्यात आपले घर एसीने थंड, आणि बाहेरची हवा गरम व दमट. थंड कॅमेरा एकदम बाहेर नेला की काचेवर दव धरते, जसे फ्रिजमधून काढलेल्या तांब्यावर धरते. म्हणून बाहेर पडताना कॅमेरा बंद पिशवीतच ठेवावा आणि अर्ध्या तासाने उघडावा. बंद गाडीत तो कधीच ठेवू नये. बहुतेक कंपन्या ४० अंशांपर्यंतच वापरायला सांगतात.

वाळू हा दुसरा शत्रू. वाऱ्यात लेन्स बदलू नये. लेन्सवर धूळ दिसली तर आधी रबरी फुग्याने हवा मारून उडवावी आणि मगच मऊ कापडाने पुसावे. आधी पुसले तर वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात.

आपण सुट्टीला महाराष्ट्रात जातो तेव्हा तिकडे नेमका पावसाळा असतो. कोकणात किंवा मुंबईत कॅमेरा चामड्याच्या पिशवीत, बंद कपाटात राहिला की लेन्सला बुरशी लागते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून त्यात ठेवावा आणि रोज थोडा वापरावा. आणि हो, इथल्या चार्जरला तीन चौकोनी पिना असतात. जाताना अ‍ॅडॉप्टर न्यायला विसरू नका.

वापरलेला कॅमेरा

वापरलेला कॅमेरा घेताना चार गोष्टी पाहाव्यात. शटर आजवर किती वेळा उघडले, तो आकडा विचारावा. एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढावा. काळे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे. लेन्समधून विजेरीचा झोत टाकून कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते का ते बघावे. आणि दोन्ही डायल व सगळ्या कळा फिरवून, दाबून पाहाव्यात.

आजोबांच्या कपाटात जुना फिल्मचा कॅमेरा असेल तर त्याची लेन्स सुट्या अ‍ॅडॉप्टरने बऱ्याच मिररलेसवर बसते. फोकस हाताने करावा लागेल, पण शिकायला ते उत्तमच. आजोबांनाच विचारावे. ते लेन्स देतील आणि बरोबर दोन गोष्टीही सांगतील.

परवानगी

हे पालकांनी मुलांबरोबर बसून वाचावे. अमिरातीच्या २०२१ च्या सायबर गुन्ह्यांविषयीच्या ३४ क्रमांकाच्या कायद्यानुसार, दुसऱ्याच्या खासगीपणाचा भंग होईल असा फोटो त्याच्या संमतीविना काढणे किंवा पसरवणे हा गुन्हा आहे. म्हणून अनोळखी माणसाचा फोटो विचारूनच काढावा, बायका-मुलांचा तर नक्कीच. लष्करी व सरकारी इमारती, राजवाडे आणि विमानतळ यांच्याकडे कॅमेरा वळवू नये. आपल्या टॉवरच्या पोहण्याच्या तलावाजवळ तो पिशवीतून काढूच नये. मॉलमध्ये ट्रायपॉड लावण्याआधी सुरक्षारक्षकाला विचारावे. ड्रोनला नोंदणी आणि परवानगी लागते, तेव्हा पहिल्या यादीत तो नको.

विचारण्याची सवय कायद्यापुरतीच नाही. समोरच्याशी बोलून, हसून, मग काढलेला फोटो चांगलाही येतो.

खरेदीच्या दिवशी

किमतीत ५ टक्के व्हॅट धरला आहे का, ते विचारावे. वॉरंटी कुठल्या देशात चालेल, हे पावतीवर लिहून घ्यावे. मूल पुढे पुण्या-मुंबईला शिकायला गेले तर ते उपयोगी पडेल. डब्यावरचा क्रमांक आणि कॅमेऱ्यावरचा क्रमांक जुळवावा. पावतीचा फोटो काढून ठेवावा, कारण असल्या पावत्यांची शाई उडते.

करून पाहा

कॅमेरा घरी आला की फाळक्यांसारखा सराव करा. ओल्या फडक्यावर मटकीचे दाणे मांडा, पडदे ओढा, एक दिवा सतत चालू ठेवा आणि कॅमेरा ट्रायपॉडवर लावा. फोकस, छिद्र, शटर, आयएसओ आणि रंगाचा समतोल, म्हणजे व्हाइट बॅलन्स, सगळे हाताने एकदाच ठरवा आणि मग बदलू नका. कॅमेऱ्यात ठरावीक अंतराने फोटो घेण्याची सोय असेल तर अर्ध्या तासाचे अंतर ठेवा. नसेल तर दिवसभर घरातल्या सगळ्यांनी पाळी लावून कळ दाबा. दोन दिवसांत ९६ फोटो होतील. सेकंदाला दहा या वेगाने ते दाखवले की दहा सेकंदांत मटकीला मोड येताना दिसतील. एखाद्या फोटोचा उजेड वेगळा आला तर तो का, हे शोधून वहीत लिहा. आणि मटकी टाकू नका, आईबाबांबरोबर तिची उसळ करा.

आपला अंक झेरॉक्सवर निघतो, त्यात करडे रंग बुडतात. म्हणून अंकासाठी फोटो देताना उजेड आणि सावली ठळक असलेला निवडावा, आणि खाली कॅमेऱ्याचे नाव न लिहिता छिद्र, शटर, आयएसओ आणि दोन ओळी मराठीत लिहाव्यात : काय पाहिले, आणि तिथेच का थांबलो. पुढच्या शनिवारपासून वर्गात बाईंकडे द्यावेत. आम्ही वाट पाहत आहोत.